पाळलेला जंतू

कुणी मांजर पाळतं, कुणी पोपट. ताईंनी जंतू पाळला होता. हे कुणी त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं तर त्यांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं असतं, आणि बोलणाऱ्याला एकदम आपलं राहिलेलं काम आठवलं असतं. पण गोष्ट खरी होती. इस्पितळाच्या तळमजल्यावर, धुलाईखान्याच्या शेजारी जंतूंची प्रयोगशाळा होती. तिथल्या फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, झाकणाच्या एका चपट्या काचेच्या बशीत तो राहत असे. या बशीला तिथे प्लेट म्हणत. प्लेटच्या तळाशी जेलीसारखं थिजवलेलं खाद्य असे, आणि दर सोमवारी ताई तारेच्या टोकाने त्याला जुन्या प्लेटवरून उचलून नव्या प्लेटवर नेऊन ठेवत. अंगात ताप असला तरी सोमवार चुकला नाही.

ताई तिथल्या सगळ्यांत जुन्या तंत्रज्ञ. त्यांचं नाव कुणी घेत नसे. मोठे डॉक्टर त्यांना ताई म्हणत, फरशी पुसणाऱ्या मावशी ताई म्हणत आणि कालपरवा लागलेल्या मुलीही ताईच म्हणत. मुळात ताई म्हणणारा एकच होता, आणि तो आता नव्हता. वरच्या मजल्यांवरून लोकांच्या अंगातलं जे जे नको असेल ते बाटल्यांतून आणि कापसाच्या बोळ्यांवरून खाली येई. ताई ते प्लेटवर पसरत, उबेत ठेवत आणि दुसऱ्या दिवशी काय उगवलं ते वाचत. सांगायला सोपं आहे, पण त्याला नजर लागते, आणि ती ताईंना होती. जीभही होती. एखादं लेबल तिरकं चिकटवलेलं दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे आणि ती दुपारच्या चहापर्यंत हलत नसे.

पाळलेल्या जंतूला कागदोपत्री नुसता नंबर होता. पण ताईंच्या आधीच्या साहेबांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या जुन्या प्रमुखांनी, त्याला भाडेकरू म्हणायला सुरुवात केली होती, आणि तेच नाव पडलं. जिथे शिरला तिथली जागा त्याने कधी सोडली नव्हती. नळाच्या तोंडात राहिला, बेसिनच्या मोरीत राहिला, आणि शेवटी कहर म्हणजे जंतुनाशकातच राहिला. हाडांच्या वॉर्डात जखमा बांधायचे चिमटे एका बरणीत, जंतुनाशकात बुडवून ठेवत. रोज ती बरणी थोडी रिकामी होई आणि रोज सकाळची पाळी तिला वरून भरून ठेवी. ओतून, घासून, कोरडी करून मग भरायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण बरणी भरलेली दिसली की काम झाल्यासारखं वाटतं, आणि वॉर्डात हात कमी असतात. तळाशी उरलेल्या जुन्या, दम गेलेल्या पाण्यात भाडेकरूने आपला संसार थाटला. ज्याने मरायचं त्याचीच त्याने सवय करून घेतली. मग चिमट्याबरोबर तो जखमेत जाऊ लागला.

अशीच एक जखम ताईंच्या धाकट्या भावाची होती.

धाकटा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. छापील पाट्या आल्या, मग दिव्यांच्या आल्या, तरी जुने दुकानदार त्यालाच बोलवत, कारण त्याच्यासारखं अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं. अशीच एक पाटी रंगवताना शिडी सरकली आणि नडगीचं हाड मोडलं. दुकानदार धावत आला तो आधी म्हणाला की अरे, अर्धंच नाव झालंय की! स्ट्रेचरवरसुद्धा धाकटा ते सांगून सांगून हसत होता. शस्त्रक्रिया चांगली झाली, हाडाला पट्टी बसवली, जखम शिवली. आठवड्याने घरी सोडणार होते. त्याऐवजी जखम ओली झाली, बँडेजवर हिरवट डाग आला, आणि त्याच्या खाटेभोवती एक वास घुटमळू लागला, अति पिकलेल्या द्राक्षांसारखा, गोडसर. जखमेचा नमुना खाली आला तेव्हा टेबलाशी ताईच होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी झाकण उचललं, हिरवी साय बघितली, तोच वास आला, आणि वरच्या कुणालाही कळायच्या आधी त्यांना कळलं. शेवटचे दिवस त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, घरच्यांनाही आत सोडत नव्हते. महिना संपायच्या आत धाकटा गेला.

इस्पितळात जाताना ताईंना अजून त्याच्या हातच्या पाट्या लागत. शिंप्याच्या पाटीवरची कात्री, चष्मेवाल्याच्या पाटीवरचे दोन मोठे डोळे. ते डोळे तर नेमके ताईंकडे बघत. काही दिवस त्या मागच्या रस्त्याने जाऊ लागल्या, तर तिथे पिठाच्या गिरणीची पाटी निघाली. रंग उडत चालला होता, पण अक्षर ढळलं नव्हतं. मेलेल्या माणसाचं अक्षर रोज दुकानं उघडताना वर असतं आणि खाली कुणाला त्याचं काही वाटत नाही, हे ताईंना सहन होत नसे. त्या खाली मान घालून झपझप चालत, आणि मागून कुणीतरी हाक मारील असं त्यांना सारखं वाटत राही.

बरण्या पुढे वॉर्डातून गेल्या. चौकशी झाली, कुणाकुणाच्या बदल्या झाल्या, सूचनांचे फलक लागले. जुन्या साहेबांनी मात्र भाडेकरूला टाकून दिलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याचा थोडा भाग एका बारीक नळीत भरून डीप फ्रीझरमध्ये गोठवला, आणि रोजच्या कामासाठी एक प्लेट चालू ठेवायला ताईंना सांगितलं. आज ना उद्या याला मारायचं औषध कुणीतरी शोधील, तेव्हा हा हाताशी हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. हा रुग्ण ताईंचा कोण, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी विचारलंही, की दुसऱ्या कुणाकडे देऊ का. ताईंनी मान हलवली. मग साहेबांनी एकच बजावलं, याला आरामात ठेवू नका. खाद्यात दर वेळी थोडं जंतुनाशक घाला. मार बसत राहिला तरच हा असा राहील, नाहीतर याची सवय मोडेल आणि हा चारचौघांसारखा होईल.

ताईंनी तसंच केलं. साहेब निवृत्त झाले, त्यांच्यानंतरही केलं. पुढे एकदा विजेचं काहीतरी बिनसलं आणि फ्रीज, डीप फ्रीझर सगळंच बंद पडलं. जनित्र सुरू होईपर्यंत डीप फ्रीझरमधल्या नळ्या वितळल्या आणि मग पुन्हा गोठल्या. त्या सोमवारी ताईंनी आठवड्यापूर्वीची प्लेट उघडली तर साय नव्हती. कडेला दोनतीन ठिपके होते, टाचणीच्या डोक्याएवढे. त्यांनी ते ठिपके अलगद उचलले आणि जंतुनाशक न घातलेल्या, चांगल्या पौष्टिक खाद्यावर ठेवले. आठवड्याने तो भरभरून वाढला. मग पुढच्या सोमवारी घालू जंतुनाशक, असं त्यांनी ठरवलं. पुढच्या सोमवारीही तेच ठरवलं.

खरं सांगायचं तर त्या घाबरल्या होत्या. ज्याने भावाचा जीव घेतला तो मरेल म्हणून त्यांचा जीव खालीवर होत होता. हे बोलायचं कुणाजवळ? त्याचा त्या द्वेष करत, मनातल्या मनात त्याला नाही नाही ते बोलत. पण धाकट्याच्या अंगातून बाहेर आलेलं आणि अजून वाढणारं असं जगात तेवढंच होतं. बाकी सगळं त्याच्या पाट्यांसारखं, फक्त झिजणारं.

प्लेटचा वास घ्यायचा नसतो, तो पहिला नियम. हा वास मात्र घ्यावा लागत नसे, झाकण उचललं की तोच येई, आणि ताई एकदम हाडांच्या वॉर्डात, धाकट्याच्या खाटेजवळ उभ्या असत. सुरुवातीला तर सोमवारी त्यांना जेवण जात नसे. मग हळूहळू ते कमी झालं. झाकण उचललं तरी छातीत काही होईना. त्या चष्मेवाल्याच्या पाटीकडे मान वर करून बघू लागल्या. एकदा त्यांनी स्वतःसाठी निळ्या रंगाची साडीसुद्धा घेतली, आणि घरी आईने त्या साडीवरून हात फिरवला. माणूस विसरत नाही पण वेदना बोथट होते, असं लोक म्हणतात ते खरंच असावं, असं ताईंना वाटलं.

मग मॅडम आल्या. प्रयोगशाळेच्या नव्या प्रमुख, वयाने ताईंच्या भाचीएवढ्या, पण चाल अशी की त्यांच्यामागे कागद उडत. त्यांना एकच ध्यास होता, की जंतुनाशकाला न जुमानणारे जंतू झाडांच्या मदतीने मारायचे. ताईंना आधी वाटलं, हे काढे आणि लेप करणाऱ्यांतलं प्रकरण दिसतंय. मॅडमनी त्यांना खुर्चीवर बसवून समजावलं. भाडेकरूच्या अंगात जंतुनाशक शिरतच नाही असं नाही, शिरतं. पण नाव बुडायला लागली की आतली माणसं डबे घेऊन पाणी उपसतात ना, तसा तो ते उपसून बाहेर टाकतो. आपण जंतुनाशक वाढवतो, तो डबे वाढवतो. झाडाला तर पळून जाता येत नाही, त्यामुळे आपल्या सालीत, पानांत त्याने असल्या लोकांशी लढायची तयारी करून ठेवलेली असते. मॅडमना झाडाकडून जंतू मारून नको होता. त्याच्या हातातले डबे तेवढे काढून घ्यायचे होते. मग आपलं नेहमीचं जंतुनाशकच पुरे.

लवंगेच्या तेलातला एक अंश वापरून झाला, निलगिरीचा झाला, भाडेकरूने ढुंकून बघितलं नाही. मग दालचिनीच्या सालीतल्या अंशाची पाळी आली. प्रयोगशाळेत एरवी कसले वास असतात ते न बोललेलं बरं, पण त्या दिवसांत अशी काही दालचिनी घमघमली की कँटीनवाला खाली येऊन चौकशी करून गेला. मॅडम प्रमाण बदलत होत्या, ताई प्लेटा लावत होत्या. हा भाडेकरू ताईंचा कोण, हे मॅडमना कुणी सांगितलं नव्हतं. ताईंनीही सांगितलं नाही.

आणि एका दुपारी प्लेट स्वच्छ निघाली. नुसत्या जंतुनाशकाच्या प्लेटवर भाडेकरू होता, आणि दालचिनी घातलेल्या प्लेटवर काही नव्हतं, अगदी पुसून घेतल्यासारखं. मॅडमनी ताईंना मिठीच मारली. पुन्हा करून बघितलं, पुन्हा तेच. हाडांच्या वॉर्डात मधून मधून अजून एखादी जखम हिरवी पडायची, पण वर आधीच औषधं सुरू झालेली असत, त्यामुळे खाली आलेल्या नमुन्यातून जिवंत काही उगवत नसे. मोरीतून नमुना आणला की शंभर जातींची गर्दी निघायची आणि त्यात भाडेकरू वेगळा काढता यायचा नाही, पण तो तिथे कुठेतरी होता हे सगळ्यांना माहीत होतं. वरून परवानगी आली. मॅडमनी प्रमाण ठरवलं, आणि पुढच्या सोमवारपासून वॉर्डाच्या मोऱ्या आणि फरश्या या मिश्रणाने धुवायचं पक्कं झालं.

प्लेटा टाकून द्यायच्या आधी ताई त्या एकेक करून बघत होत्या. नुसत्या जंतुनाशकाची प्लेट हातात आली. तिच्यावर वाढ होती, पण विरळ, फिकट, पातळ केलेल्या दुधासारखी. ताईंनी झाकण थोडं सरकवलं. वास आला नाही.

त्यांनी मास्क खाली ओढला आणि नियम मोडून प्लेट नाकाजवळ नेली. काही नाही. मग त्या फ्रीजकडे गेल्या, आपली सोमवारची प्लेट काढली. तीही फिकट होती. हिरवा रंग कधी गेला होता? रोज बघणाऱ्याला घरातलं मूल वाढताना कळत नाही, तसं ताईंना ते कळलंच नव्हतं. त्या स्टुलावर बसल्या. शेजारच्या धुलाईखान्यातली यंत्रं धडधडत होती.

एक तर हा भाडेकरू राहिला नव्हता. बिनमाराचं, पोटभर खाऊन हा मवाळ झाला होता, डबे टाकून बसला होता. मॅडमनी ठरवलेलं प्रमाण या मवाळ जंतूला पुरत होतं. वॉर्डातल्या मोरीत बसलेल्याला ते पुरणार नव्हतं, उलट थोडं थोडं मिळून त्याचीही सवय होणार होती. बरणीचंच पुन्हा, फक्त मोठ्या प्रमाणावर. हे ताईंना लगेच समजलं, कारण हे त्यांचं काम होतं. दुसरी गोष्ट समजायला थोडा वेळ लागला. ज्याला त्या दुःख निवळलं म्हणत होत्या, ते दुःख निवळलंच नव्हतं. फक्त वास गेला होता.

आता काय करायचं? गप्प बसणं सोपं होतं. प्लेट अशी असायला हवी होती की तशी, हे ताईंशिवाय कुणाला सांगता येणार नव्हतं. बोललं तर मॅडमच्या आनंदावर पाणी पडणार, आणि ताईंच्या आजवरच्या नावावरही. त्याचंही काही नाही. पण बोललं तर खरा भाडेकरू लागणार, आणि खरा भाडेकरू जगात एकाच जागी मिळण्यासारखा होता, डीप फ्रीझरमधल्या त्या नळीत. एकदा वितळून पुन्हा गोठलेली, तळाशी नखाएवढं काहीतरी उरलेली ती नळी. अधूनमधून ताई डबा उघडून ती आहे ना एवढं बघत आणि पुन्हा बंद करत. ती उघडली आणि आत सगळं मेलेलं निघालं, तर धाकट्याचं काहीच उरणार नव्हतं. आणि जिवंत निघालं, तर ते मारण्यासाठीच बाहेर काढायचं होतं.

त्या उगीचच जिना चढून हाडांच्या वॉर्डात गेल्या. तिथे एक बाई नवऱ्याच्या पायाच्या प्लास्टरवर पेनाने फुलं काढत बसली होती आणि नवरा गुदगुल्या होतात म्हणून हसत होता. प्लास्टरवरून गुदगुल्या होणं शक्य नव्हतं, पण तो हसत होता. कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये एक परिचारिका हात धूत होती. ताई मोरीच्या जाळीकडे बघत राहिल्या. कुणी हवंय का तुम्हाला, असं तिने विचारलं तेव्हा त्या नाही म्हणाल्या आणि खाली येऊन थेट मॅडमच्या खोलीत शिरल्या.

"मॅडम, हा तो नाही," त्या म्हणाल्या. "मी याला बिघडवलाय."

मॅडमना आधी अर्थबोध होईना. ताईंनी सगळं सांगितलं, साहेबांनी काय बजावलं होतं, वीज कधी गेली, ठिपके, पौष्टिक खाद्य, ढकललेले सोमवार. मॅडमचा चेहरा उतरत गेला. त्या ओरडल्या नाहीत, पण ओरडल्या असत्या तर बरं, असं ताईंना वाटलं. सोमवारी मी हे वॉर्डात ओतणार होते, असं त्या दोनदा म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, की तुमच्यासारख्या बाईने हे केलं तरी का.

"मरेल म्हणून."

"मरू द्यायचा की. जंतू आहे तो, ताई."

"माझ्या भावाच्या जखमेतला आहे."

मॅडम टेबलावरचं टाचण्यांचं डबडं इकडून तिकडे सरकवत बसल्या. मग उठून त्यांनी वॉर्डाला फोन केला, सोमवारचं काम थांबवलं, आणि नळीचं काय करायचं ते तुम्हीच सांगा, असं ताईंना म्हणाल्या. ताई म्हणाल्या की उघडू.

नळी ताईंनीच उघडली. मॅडम शेजारी उभ्या होत्या. नखाएवढं जे होतं ते सगळं एका प्लेटवर घातलं, मागे काही ठेवलं नाही, कारण ठेवण्याइतकं ते नव्हतंच. प्लेट उबेत गेली. दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही कोरी. ताई जेवणाचा डबा न उघडताच परत नेत होत्या आणि आईला कँटीनमध्ये खाल्लं म्हणून सांगत होत्या. उगवला तर काय, न उगवला तर काय, यातलं आपल्याला काय हवंय ते त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. रस्त्याने जाताना मागून हाक येईल असं पुन्हा वाटू लागलं होतं, आणि चष्मेवाल्याच्या पाटीखालून त्या पुन्हा मान खाली घालून जाऊ लागल्या होत्या.

मग एका सकाळी प्लेटच्या कडेला ठिपका दिसला. संध्याकाळपर्यंत त्याच्याभोवती खाद्य हिरवं पडलं. ताईंनी झाकण सरकवलं आणि द्राक्षांचा वास आला. तोच. त्यात काहीही कमी झालं नव्हतं. त्या रडल्या, मास्क ओला झाला म्हणून बदलला, आणि दुसऱ्या मास्कमध्येही रडल्या. मॅडम दाराशी आल्या आणि तशाच मागे फिरल्या.

ठरवलेल्या प्रमाणाचं काय झालं ते दुसऱ्याच दिवशी दिसलं. दालचिनीची प्लेट काठोकाठ हिरवी. मॅडम तिच्याकडे बघून नुसत्या मान हलवत राहिल्या. तिथून पुढे सगळं पहिल्यापासून. या खेपेला ताईंनी भाडेकरूला मार चुकवू दिला नाही, दर प्लेटमध्ये जंतुनाशक घातलं, आणि तो दर वेळी हिरवागार होऊन, वास सोडत वर येत गेला. रोज तो वास घेत ताई काम करत होत्या. दालचिनी वाढवून बघितली, तरी तो तगला. मग दोन्ही एकदम द्यायची ही पद्धतच मॅडमनी मोडली. आधी नुसती दालचिनी, थोडा वेळ जाऊ द्यायचा, म्हणजे त्याचे डबे गळून पडतील, आणि मग जंतुनाशक. त्या प्लेटचं झाकण दोघींनी मिळून उचललं. स्वच्छ. वास फक्त दालचिनीचा. पुन्हा पुन्हा करून बघितलं, दर वेळी स्वच्छ. मग वॉर्डात काम सुरू झालं, आणि मोऱ्यांची जाळी उघडून आणलेल्या नमुन्यांत हिरवं दिसेनासं झालं. जखमाही कोरड्या राहू लागल्या.

भाडेकरूचं काम संपलं. ज्याने माणूस मारला तो जंतू कामाशिवाय ठेवायचा नाही, असा नियम आहे. पण मॅडमनी ताईंना बोलावून दार लावून घेतलं आणि विचारलं, की एक नळी गोठवून ठेवू या का, पुढे लागेल म्हणून कारण दाखवता येईल, तुम्ही म्हणाल तसं करू. ताईंनी फार विचार केला नाही. नको, असं त्या म्हणाल्या. इतकी वर्षं त्याला धरून ठेवलं, त्याने आपल्याला धरून ठेवलं, आता सुटू दे, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. सगळ्या प्लेटा त्यांनी पिशवीत भरल्या, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे जंतू वाफेवर मारायच्या त्या मोठ्या पिंपात ठेवल्या, झाकणाचे स्क्रू आवळले, आणि काटा वर चढेपर्यंत, वाफ सुटेपर्यंत, काटा पुन्हा खाली येईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मग हात धुतले. बरेच वेळा धुतले.

घरी आई खिडकीशी बसून वाटाणे सोलत होती. तिला ऐकू छान येई, दिसे कमी. धाकट्याबद्दल त्या दोघी बोलत नसत. कुठल्या जंतूने गेला, कसा गेला, हे आईने कधी विचारलं नव्हतं, डॉक्टर जे बोलले त्यावर तिने तेव्हा मान डोलावली होती, तेवढंच. आज ताईंना राहवेना. त्या तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. बरणी सांगितली, प्लेट सांगितली, सोमवार सांगितले. ज्याने त्याला नेलं तो आज मेला आई, मी माझ्या हाताने मारला, असं सांगितलं. सांगून झालं तेव्हा त्यांना हलकं वाटत होतं, आणि आईलाही वाटेल असं त्या धरून चालल्या होत्या.

आईचे हात थांबले होते.

"म्हणजे इतकी वर्षं ते जिवंत होतं?" तिने विचारलं.

"हो."

"त्याच्याच अंगातलं?"

"हो, आई."

"आणि तू मला एकदाही दाखवलं नाहीस."

ताई म्हणाल्या की त्यात बघण्यासारखं काय होतं, एक हिरवा डाग, त्यानेच तर नेलं त्याला. आई मांडीवरच्या सालांत बोटं फिरवत राहिली.

"नेलं ते खरं," ती म्हणाली. "पण शेवटी त्याच्याजवळ तेवढंच होतं गं. आपल्याला कुठे आत सोडलं होतं?"